पैसा हलला की कर? मोबाइल-व्यवहारांवरच्या करांचा एक आढावा

एप्रिल २०२५ मध्ये एक बातमी देशभर फिरली. दोन हजार रुपयांवरच्या यूपीआय व्यवहाराला आता जीएसटी लागणार, अशी ती बातमी होती. अर्थ मंत्रालयाने लगेच ती निराधार असल्याचे सांगितले आणि कारणही दिले. जीएसटी लागतो तो सेवेच्या शुल्कावर. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय व्यवहारावर शुल्कच नाही, मग कर लावायचा कशावर? तर्क बिनतोड होता, तरीही तोवर अनेकांनी बातमी खरी मानली होती. असे मानायला कारण अगदीच नव्हते असेही नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी मोबाइलवरून पाठवलेल्या पैशावर कर लावून पाहिले आहेत. लॅटिन अमेरिकेने त्याच्या कितीतरी आधी बँक-व्यवहारांवर कर बसवले. आणि महाराष्ट्रात तर ‘बाकीचे सगळे कर काढा, फक्त बँक-व्यवहारावर कर ठेवा’ हा विचार दोन दशकांहून अधिक काळ मांडला जातो आहे.

अशा कराने लोक डिजिटल व्यवहार सोडतात का, सोडले तर कोण सोडतात आणि पुन्हा परततात का, याविषयी आज काय हाती आहे ते येथे मांडायचे आहे. पाहण्याची जागा रत्नागिरी. शंभराहून अधिक वर्षे दुसरीकडून आलेल्या पैशावर घरे चालवणारा हा जिल्हा. पैसा पाठवण्याचा खर्च हा इथे पुस्तकातला विषय कधीच नव्हता.

तीन निरनिराळे भार

या वादात तीन गोष्टी सतत एकमेकींत मिसळतात. पहिली म्हणजे रकमेवरचा कर: हजार रुपये पाठवले की दहा सरकारला. दुसरी म्हणजे सेवेच्या शुल्कावरचा कर: पाठवणाऱ्या कंपनीने दहा रुपये घेतले तर त्या दहांवर काही टक्के. तिसरी गोष्ट मुळात नवा कर नाहीच. व्यवहाराची नोंद राहते, त्या नोंदीवरून आधीपासून देय असलेला पण रोखीत कधी न दिसलेला कर मागितला जातो. आफ्रिकेतला वाद मुख्यतः पहिल्या प्रकाराचा आहे, भारतातली अस्वस्थता तिसऱ्या प्रकाराची. आपल्याकडची चर्चा मात्र पुरावे पहिल्यातून घेते आणि निष्कर्ष तिसऱ्याला लावते. पुढचे वाचताना एवढे ध्यानात असलेले बरे.

मनीऑर्डर, चेक आणि रोखीवरचा कर

पोस्टाची मनीऑर्डर भारतात १८८० पासून आहे. मुंबईच्या गिरणगावात कामाला गेलेला कोकणी माणूस महिन्याच्या महिन्याला गावी जे पाठवी, त्यावरून या पट्ट्याच्या अर्थकारणाला ‘मनीऑर्डर अर्थव्यवस्था’ हे नावच पडले. अखेरच्या काळात मनीऑर्डरचा दर वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे पाच टक्के होता. आजच्या कोणत्याही मोबाइल-कराहून तो जड होता. तरी लोक तो भरत, कारण पर्याय थोडे होते. जो पर्याय होता तो वापरलाही जाई: गणपतीला, शिमग्याला किंवा कुणाच्या लग्नाला गावी निघालेल्या माणसाच्या हाती पाकीट देणे. हे शुल्क होते, कर नव्हे. पण वागणुकीचा नियम तोच दिसतो. भार किती आहे यापेक्षा भार चुकवण्याची दुसरी वाट किती जवळ आहे, यावर लोक काय करतील ते ठरते. पोस्टाने जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली, पुढच्याच वर्षी यूपीआय आले.

व्यवहाराच्या साधनावर कर आणि मग माघार, हेही भारताला नवे नाही. १८९९ च्या मुद्रांक कायद्याखाली चेकवर एक आण्याचे मुद्रांकशुल्क होते. लोकांना बँकेची सवय लागायची तर ते काढले पाहिजे, अशी शिफारस हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये केली आणि १९२७ मध्ये ते रद्द झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी अमेरिकेने मंदीच्या ऐन मध्यात प्रत्येक चेकवर दोन सेंटांचा कर लावला. १९३२ ते १९३४ एवढाच तो टिकला. लॅस्ट्रेप्स आणि सेल्जिन या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये दाखवले की या किरकोळ कराने लोकांना चेक सोडून नोटांकडे वळवले आणि आधीच कोलमडलेल्या बँकांतून पैसा बाहेर काढायला हातभार लावला.

आपल्याकडे नंतर उलट दिशेने प्रयोग झाले. १ जून २००५ पासून बँकेतून मोठी रोख रक्कम काढण्यावर ०.१ टक्का कर आला. बचत खाती त्यातून वगळली होती. उद्देश महसुलापेक्षा काळ्या पैशाचा माग काढण्याचा होता, तसे सरकारने सांगितलेही होते. माग काढण्याची इतर साधने हाती आली आहेत, असे म्हणत तो १ एप्रिल २००९ पासून उठवला गेला. नोटाबंदीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये, चंद्राबाबू नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या मुख्यमंत्र्यांच्या समितीने पन्नास हजार व त्यावरील रोख काढण्यावर तसा कर पुन्हा आणण्याची सूचना केली. ती मान्य झाली नाही, मात्र सप्टेंबर २०१९ पासून वर्षाला एक कोटीहून अधिक रोख काढणाऱ्याच्या रकमेतून दोन टक्के करकपात सुरू झाली. त्याच महिन्यात बाजार समितीच्या अडत्यांना शेतकऱ्यांना पैसे देण्यासाठी काढलेल्या रोखीपुरती सूट द्यावी लागली. शेतमालाचा बाजार रोखीवर किती चालतो, याची ती सरकारी कबुलीच म्हणायची.

आफ्रिकेचे दशक

आता मुख्य पुरावा. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने मोबाइल-पैशावर दहा टक्के अबकारी कर लावला, पण रकमेवर नव्हे, कंपनी घेते त्या शुल्कावर. तो २०१८ मध्ये बारा आणि २०२३ मध्ये पंधरा टक्के झाला. ग्राहकांनी कुरकुर केली, पण एम-पेसाची वाढ थांबली नाही. २०२४ च्या वित्त विधेयकात तो वीस टक्के करायचा होता. त्या विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले आणि जूनअखेर सगळे विधेयकच मागे घेतले गेले.

युगांडाने दुसरी वाट धरली. १ जुलै २०१८ पासून भरणा, पाठवणे, काढणे अशा प्रत्येक पायरीवर रकमेच्या एक टक्का कर. पाठवणाऱ्याने भरताना दिला, पाठवताना दिला, घेणाऱ्याने काढताना पुन्हा दिला. व्यवहार लगेच घसरले. काही आठवड्यांत राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनीच दर चुकल्याचे म्हटले, आणि नोव्हेंबरमध्ये कायदा बदलून फक्त काढण्यावर अर्धा टक्का ठेवला गेला. पुढे व्यवहार सावरले. मात्र मधल्या काळात एक लक्षणीय गोष्ट घडली. बँकांच्या प्रतिनिधी-केंद्रांवर हा कर नसल्यामुळे मोठ्या रकमा तिकडे वळल्या. ज्यांचे बँकखाते होते ते बाजूने निघून गेले, ज्यांच्याकडे फक्त फोन होता ते करात अडकले.

टांझानियाने जुलै २०२१ मध्ये व्यवहारामागे दहा ते दहा हजार शिलिंग असे कराचे टप्पे ठेवले, दोन महिन्यांत ते तीस टक्क्यांनी उतरवले, पुढच्या वर्षी आणखी, आणि २०२३ मध्ये पाठवण्यावरचा भाग काढून टाकला. कॅमेरूनने जानेवारी २०२२ पासून ०.२ टक्का लावला. झिम्बाब्वेने ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन टक्के लावले. पण तिथे रोखीचीच टंचाई होती, त्यामुळे लोकांना पळायला जागा नव्हती. त्याचा दाखला देताना ही अट विसरली जाते.

सगळ्यांत बोलका दाखला घानाचा. नोव्हेंबर २०२१ च्या अर्थसंकल्पात १.७५ टक्क्यांची ‘ई-लेव्ही’ जाहीर झाली. डिसेंबरमध्ये तिच्यावरून संसदेत खासदारांची मारामारी झाली. अखेर १ मे २०२२ पासून दीड टक्का कर लागू झाला, दिवसाला शंभर सेडीपर्यंतची रक्कम वगळून. पहिल्या वर्षी सुमारे सात अब्ज सेडी मिळतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात एक दशांशाहूनही कमी आले. जानेवारी २०२३ मध्ये दर एक टक्क्यावर आला. २०२५ मध्ये नव्या सरकारने तो करच रद्द केला.

इथवर गोष्ट सरळ वाटते: कर लावला, लोक पळाले, महसूल बुडाला. पण घानाच्या मध्यवर्ती बँकेचे आकडे वेगळे काही सांगतात. २०२१ मध्ये मोबाइल-पैशाची उलाढाल सुमारे ९७८ अब्ज सेडी होती, २०२२ मध्ये, म्हणजे कराच्या वर्षी, ती हजार अब्जांपलीकडे गेली. २०२३ मध्ये तर जवळजवळ दुप्पट झाली. कराचे समर्थक इथे बोट ठेवतात: सुरुवातीचा धक्का ओसरला, लोक परतले. विरोधकांचे उत्तर असे की डिसेंबर २०२२ मध्ये घानात महागाई पन्नास टक्क्यांच्या वर होती, त्यामुळे सेडीतली वाढ ही वाढ नव्हेच. शिवाय कर नसता तर उलाढाल कुठे गेली असती, हा खरा प्रश्न आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मला यातून एवढेच ठामपणे काढता येते की पहिल्या तीन-चार महिन्यांच्या घसरणीवरून कायमचा निष्कर्ष काढू नये, आणि एकूण उलाढालीवरून गरीब वापरकर्त्याचे काय झाले ते कळत नाही. एकूण आकडा मोठ्या रकमा पाठवणारे फिरवतात. आठवड्याला दोनदा थोडेसे पाठवणारी भाजीवाली गेली की राहिली, हे त्यात दिसत नाही.

अर्थक्रांतीचा प्रस्ताव

मराठी वाचकाला या प्रश्नाची पहिली ओळख बहुधा घानामुळे झालेली नसते, ती अनिल बोकील यांच्यामुळे झालेली असते. त्यांच्या अर्थक्रांती प्रतिष्ठानचा प्रस्ताव पाच कलमांत मावतो. आयात शुल्क सोडून सगळे कर रद्द करावेत. बँकेत रक्कम जमा होताना तीवर एकच छोटा कर, उदाहरणादाखल दोन टक्के, कापावा आणि तो केंद्र, राज्य, स्थानिक संस्था व बँक यांच्यात वाटावा. पन्नास रुपयांवरच्या नोटा काढून घ्याव्यात. रोख व्यवहारावर कर नसावा. आणि ठरावीक रकमेवरच्या, उदाहरणार्थ दोन हजारांवरच्या, रोख व्यवहाराला कायद्याचे संरक्षण नसावे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर हा प्रस्ताव मराठी वृत्तवाहिन्यांवर रोजचा झाला, जरी नोटाबंदी म्हणजे अर्थक्रांती नव्हे, हे त्यांचे कार्यकर्ते तेव्हाही सांगत होते.

समर्थकांची बाजू नीट मांडायची तर ती अशी. आजची करव्यवस्था भरणाऱ्यालाच पुन्हा भरायला लावते आणि न भरणाऱ्याला रोखीत लपू देते. व्यवहार-कर अदृश्य, सोपा आणि सर्वांवर पसरलेला आहे. विवरणपत्र नाही, तपासणी नाही, त्यामुळे लाचेलाही जागा नाही. दर इतका कमी की चुकवण्याचे कष्टच परवडू नयेत. आणि मोठ्या नोटा नसल्याने रोखीत पळण्याचा मार्ग जड होतो. म्हणजे करातून निसटण्याची पळवाट इथे आधीच बंद करण्याची तजवीज आहे. हा भाग टीकाकार अनेकदा वगळतात. ते योग्य नाही.

आक्षेपही वजनदार आहेत. पहिला, कर साखळीने वाढतो. बागायतदाराकडून दलाल, दलालाकडून वाशीचा व्यापारी, तिथून किरकोळ विक्रेता, असा हापूस चार हातांतून गेला तर दोन टक्के चारदा पडतील. सगळे एकाच कंपनीने केले तर एकदाच. म्हणजे मोठ्याला फायदा, छोट्या साखळीला तोटा. दुसरा, उत्पन्न कमी आणि उलाढाल जास्त असलेल्या धंद्यांवर तो मारक पडतो. किराणा दुकानात नफाच दोन-चार टक्के असतो. तिसरा, आजवरचा अनुभव. जगात हा विचार एकटा नाही. अमेरिकेत एडगर फायगी यांनी २००० च्या सुमारास असाच स्वयंचलित व्यवहार-कर मांडला, ब्राझीलमध्ये मार्कोस सिंत्रा यांनी १९९० पासून एकाच कराची कल्पना लावून धरली. ब्राझीलने १९९७ ते २००७ या काळात बँक-व्यवहारांवर असा कर प्रत्यक्षात घेतला. त्याचा दर शेवटी ०.३८ टक्के होता. त्याने महसूल नियमित दिला हे खरे. पण त्याने दुसरा एकही मोठा कर हटवला नाही, वरून भर पडली. सिंत्रा पुढे तिथल्या महसूल खात्याचे प्रमुख झाले, आणि २०१९ मध्ये असाच कर परत आणण्याच्या बेतावरून त्यांना पद गमवावे लागले. कोलंबियाने १९९८ मध्ये संकटकाळापुरता म्हणून लावलेला हजारी दोनचा कर आज हजारी चार होऊन टिकून आहे. लॅटिन अमेरिकेवरच्या नाणेनिधीच्या अभ्यासांचा सूर असा की महसूल सुरुवातीला भरघोस येतो, मग लोक बँकेबाहेरच्या वाटा शिकतात आणि तो झिजतो.

अर्थक्रांतीचे लोक म्हणतात की हे सर्व देश अर्धवट वागले: कर लावला, बाकीचे कर आणि मोठ्या नोटा तशाच ठेवल्या. ते बरोबर आहे. पण म्हणूनच हा प्रस्ताव पुराव्याने सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. पूर्ण रूपात तो कुणी राबवलेलाच नाही.

फुकट यूपीआयचा खर्च

भारतात प्रश्न उलटा उभा आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क, म्हणजे एमडीआर, शून्य आहे. शुल्क शून्य म्हणून कर शून्य. उलट रोखीलाच खर्च आहे: महिन्याचे मोफत व्यवहार संपले की एटीएममधून पैसे काढायला मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने महिन्याला दोन हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, तो या पार्श्वभूमीवर. तरी चलनातल्या नोटांचे मूल्य नोटाबंदीपूर्वीच्या सुमारे अठरा लाख कोटींवरून पस्तीस लाख कोटींच्या वर गेले आहे. यूपीआय वाढले म्हणजे रोख आटली, असे झालेले नाही.

शुल्क असते तेव्हा काय होते, याचा मराठी दाखला ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या धसईचा. १ डिसेंबर २०१६ रोजी ते महाराष्ट्रातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. तेव्हा साधन होते कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र. वडापावाच्या दहा रुपयांसाठी यंत्र, जोडणी आणि शुल्क हा हिशेब बसत नव्हता, आणि नोटा परत आल्यावर गाव बऱ्याच अंशी रोखीकडे परतल्याच्या बातम्या आल्या. आज तोच वडापाव क्यूआरवर विकला जातो, कारण कागदाच्या चौकोनाला भाडे नाही.

दुसरा दाखला आकड्यांचा आहे, आणि तो आयआयटी मुंबईतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी उजेडात आणला. शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्यांवर महिन्याला चार व्यवहार झाले की पुढच्या प्रत्येक नावे-व्यवहाराला भारतीय स्टेट बँक १७ रुपये ७० पैसे कापत होती, यूपीआय आणि रुपेच्या व्यवहारांनाही. पंधरा रुपये शुल्क, वर अठरा टक्के जीएसटी. शंभर रुपये पाठवायला सतरा! आफ्रिकेतला कोणताही मोबाइल-कर या दराच्या जवळ जात नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून १ जानेवारी २०२० नंतर डिजिटल व्यवहारांवर घेतलेले असे शुल्क परत करायला सांगितले. भारतात मोबाइल-पैशावर कर कधी नव्हताच, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावे. गरिबातल्या गरीब खातेदारावर तो होता, फक्त त्याला कर म्हटले जात नव्हते.

हा खर्च कुणी उचलायचा, यावर तीन भूमिका आहेत. सरकारची भूमिका अशी की यूपीआय ही सार्वजनिक सोय आहे, तिच्यावर शुल्क नको, भरपाई आम्ही देऊ. मार्च २०२५ मध्ये २०२४-२५ साठी १,५०० कोटींची योजना मंजूर झाली: छोट्या व्यापाऱ्याच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहाराला ०.१५ टक्के. देयक-उद्योगाची भूमिका अशी की हे पुरत नाही. निदान मोठ्या व्यापाऱ्यांकडून ०.३ टक्के घेऊ द्या, छोट्यांना हात लावू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या चर्चापत्रात हिशेब दिला होता की सरासरी आठशे रुपयांच्या व्यवहाराला सगळ्यांचा मिळून सुमारे दोन रुपये खर्च येतो. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी २०२५ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगितली: खर्च आहे, तो कुणीतरी उचललाच पाहिजे. तिसरी भूमिका दासांसारख्या अभ्यासकांची: आडवळणाने वेगवेगळी शुल्के येण्यापेक्षा उघड, एकसमान, छोटा आकार बरा.

लोकलसर्कल्स या संस्थेच्या २०२४ मधल्या पाहणीत चारांपैकी तिघांनी शुल्क लागले तर यूपीआय सोडू असे सांगितले. असे आकडे सावधपणे घ्यावेत. शुल्क आवडते का, असे विचारले तर दुसरे उत्तर कोण देईल? रिचार्जवर काही अ‍ॅप रुपया-दोन रुपये घेऊ लागली, तेव्हा लोकांनी अ‍ॅप सोडलेले दिसले नाही.

नोंदीचा धाक

आता तो भाग, जिथे भारताचा अनुभव खरोखर वेगळा आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या वर्षांतल्या यूपीआय जमांच्या आधारे हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांतल्या १.६३ कोटींच्या जमांवरून २९ लाखांची मागणी आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हे सांगायला त्याला पुढे यावे लागले. बंगळुरूत दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांशी बोलून जुनी थकबाकी मागणार नाही, नोंदणी मात्र करा, असे सांगितले आणि प्रकरण निवले. बेळगाव-निपाणीचे मराठी व्यापारी याच राज्यात मोडतात, त्यामुळे ही बातमी कोल्हापूर-सावंतवाडीकडे पोचायला वेळ लागला नाही.

सहा महिने आधी ब्राझीलमध्ये असेच घडले होते. महिन्याला पाच हजार रियालांपुढच्या उलाढालीची माहिती कंपन्यांनी द्यावी, असा नियम १ जानेवारी २०२५ पासून आला. त्याला ‘पिक्सवर कर’ (पिक्स म्हणजे तिथली यूपीआयसारखी सोय) म्हणून प्रसिद्धी मिळाली आणि पंधरा दिवसांत सरकारला नियम मागे घ्यावा लागला. कर नव्हताच, पण लोक कर आहे असे समजून वागले.

रत्नागिरीच्या बाजारात हा धाक कसा लागू पडतो, हे कायद्याच्या हिशेबाने तपासून पाहू. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख, सेवेला २० लाख, ही जीएसटी नोंदणीची मर्यादा. ४० लाख म्हणजे दिवसाला साधारण अकरा हजार. मिरकरवाड्यातली ताजी मासळी करमुक्त, ताजा हापूसही करमुक्त. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही, आणि स्वतःच्या बागेतला आंबा विकणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. म्हणजे टोपली घेऊन बसणारी मासेवाली आणि पेट्या विकणारा बागायतदार यांना कायद्याने भीती नाही. अडचण होते ती मधल्या दुकानदाराची. तो पेट्यांबरोबर आंब्याचा पल्प विकतो, काजूगर विकतो. हे करपात्र आहे. एकदा करपात्र माल आला की ४० लाखांच्या मोजणीत करमुक्त आंब्याची विक्रीही धरली जाते. मे महिन्यातल्या पेट्यांची उलाढालच त्याला मर्यादेपलीकडे नेऊ शकते. हे नियम त्याला माहीत नसतात, पण यूपीआयवर आलेला प्रत्येक रुपया दिसतो एवढे पक्के माहीत असते.

त्यात कोकणाची खास गुंतागुंत अशी की क्यूआर ज्या बचत खात्याशी जोडलेला असतो, त्याच खात्यात मुंबईहून मुलाचे पैसेही येतात. भावाने घराच्या छपरासाठी पाठवलेले, वाडीच्या पूजेची वर्गणी म्हणून गोळा झालेले, सगळे तिथेच. मनीऑर्डरची जागा यूपीआयने घेतली तेव्हा घरचा पैसा आणि गल्ल्याचा पैसा एका खात्यात आले. जमा म्हणजे विक्री नव्हे, हे नोटिशीला उत्तर देताना सिद्ध करायचे काम मात्र खातेदाराचे.

बक्षीस देऊन लोकांना डिजिटलकडे आणण्याचे प्रयत्नही झाले. प्राप्तिकरात अनुमानित नफ्याच्या योजनेत रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरतात, डिजिटल विक्रीवर सहा. कागदावर चांगले. पण २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पन्नास लाखांची उलाढाल असलेल्या दुकानदाराचे अनुमानित उत्पन्न आठ टक्क्यांनी चार लाख, सहाने तीन. दुसरे उत्पन्न नसेल तर कर दोन्हीकडे शून्य. अशा दुकानदाराला दीड कोटींच्या खाली ही सवलत उपयोगाचीच नाही. छोट्याला बक्षीस काही नाही आणि धाक आहे, असा हा हिशेब होतो. उरुग्वेने २०१४ च्या कायद्याने ग्राहकाला कार्डावर करसवलत दिली. तिथल्या अभ्यासात कार्डव्यवहार झपाट्याने वाढले, कर भरण्यात मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही. नोंद वाढली म्हणजे कर आपोआप वाढतो, या गृहीताला तो धक्का आहे.

सरकारी बाजूचे म्हणणेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. ज्याची खरी विक्री मर्यादेपलीकडे आहे त्याने नोंदणी टाळावी आणि शेजारच्या नोंदणीकृत दुकानदाराने कर भरून त्याच्याशी स्पर्धा करावी, हे न्याय्य नाही. डिजिटल नोंद हा छाप्यापेक्षा सौम्य मार्ग आहे. वाद राहतो तो पद्धतीचा: चार वर्षे गप्प बसून व्याजदंडासह एकदम मागणे, की पहिल्याच वर्षी समज देणे.

काय उलगडायचे राहिले

पहिला अनिर्णित मुद्दा काळाचा. युगांडा आणि घानात लोक परतले ते सवयीमुळे, दर उतरला म्हणून, की पर्याय नव्हता म्हणून? या तिन्ही कारणांतून धोरण वेगवेगळे निघते. दुसरा मुद्दा रकमेवरच्या आणि शुल्कावरच्या कराच्या तुलनेचा. केनिया दुसऱ्याच्या बाजूने साक्ष देतो, पण केनियात एकाच कंपनीचा दबदबा आहे. एका देशावरून नियम बांधता येत नाही.

तिसरा मुद्दा मोजणीचा, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची मासिक आकडेवारी व्यवहार दोन गटांत दाखवते: माणसाकडून माणसाला आणि माणसाकडून व्यापाऱ्याला. समजा नोटिशीच्या भीतीने दुकानदाराने व्यापारी क्यूआर उतरवला आणि बायकोच्या किंवा मुलाच्या नंबरवर पैसे घ्यायला सुरुवात केली. यूपीआयचा एकूण आकडा तसाच राहील. विक्री मात्र घरगुती देवघेवीच्या रकान्यात जाईल, आणि तिथे ती मुंबईहून आलेल्या पैशात मिसळेल. ‘फक्त रोख’ची पाटी दिसते, मोजता येते. नंबर बदलणे दिसत नाही. कर्नाटकातल्या नोटिसांनंतर यूपीआय घटले का, या प्रश्नाला आकडे ‘नाही’ म्हणाले, तरी व्यापाऱ्यांनी वागणूक बदलली का, याचे उत्तर त्यात असणार नाही. ते शोधायचे तर बँकेच्या सर्व्हरपेक्षा बाजारात उभे राहून कोणत्या पाटीवर कुणाचे नाव आहे ते पाहावे लागेल.